डायव्हरकाकांचा अबोला

काका प्रार्थना करताना डोळे मिटत नसत.

बाकीची मंडळी मान खाली घालून, डोळे घट्ट मिटून बसलेली असायची आणि काका समोरच्या भिंतीकडे टक लावून उभे असायचे. दोन्ही हात छातीसमोर असे धरलेले, की कुणालाही वाटावं यांच्या हातात स्टिअरिंग आहे. मी रोह्यात आलो त्या पहिल्याच रविवारी एक डोळा किलकिला करून बघितलं, तर त्यांची नि माझी नजरानजर झाली. उपासना संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बघितलंस ना मघाशी? जन्मभर एसटी चालवली मी. पाठीमागं गाडीभर माणसं बसलेली. डोळे मिटायची सवयच नाय लागली. देवाला चालतं. तुला चालत नसेल तर तू मीट."

ते मूळचे नगरकडचे. तरुणपणी ड्रायव्हर म्हणून पेणच्या डेपोला लागले, मग रोह्याला बदली झाली आणि इथंच राहिले. त्यांच्या बोलण्यात निम्मं नगर होतं आणि निम्मं कोकण. रिटायर झाल्यावर त्यांनी कुंडलिकेच्या काठाजवळ एक छोटं दुमजली घर बांधलं. खाली ते आणि मावशी, वरच्या खोलीत भाडेकरू. धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा आईनं आमच्या गावच्या पाळकांकडून त्यांचा पत्ता काढला. "ख्रिस्ती घर आहे, रविवार चुकणार नाही," एवढीच तिची खोलीबद्दलची अपेक्षा होती. ती अपेक्षेपेक्षा जास्त पुरी झाली, कारण रोह्यातली उपासनाच काकांच्या बाहेरच्या खोलीत भरायची. महिन्यातून एकदा पनवेलहून पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला येत. उरलेले रविवार काका सांभाळत. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण लोक त्यांना डायव्हरकाका म्हणत आणि ऐकतही.

नऊ म्हणजे नऊ. खोलीत एक जण असो की वीस, घड्याळाचा काटा तिथं आला की काका म्हणत, "चला, गाडी सुटली." कंपनीतले एक मल्याळी सुपरवायझर बायकामुलांना घेऊन नेहमी उशिरा यायचे. ते दारात दिसले की काका प्रवचन थांबवत, त्यांच्या चपला काढून होईपर्यंत वाट बघत आणि शांतपणे सांगत, "मागच्या स्टॉपवर येशू शिष्यांचे पाय धूत होता. आता पुढं." ते सुपरवायझर पुढं वेळेवर येऊ लागले असं मात्र झालं नाही. काकांनी सांगायचंही सोडलं नाही.

एकदा मुंबईहून पांढरे बूट घातलेले एक तरुण प्रचारक आले. दोन तास ते असे गरजले की शेजारच्या घरातली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. सगळी मंडळी भारावली. मी काकांना विचारलं, कसं वाटलं? काका म्हणाले, "पिकअप जोरात हाय. चढ लागला की बघू."

देवाशी ते दिवसभर बोलत, आणि मोठ्यानं बोलत. फोनवर रेंज नसताना माणूस बोलतो तसं. सकाळी दाढी करताना तर हमखास. वरच्या खोलीत अंथरुणात पडल्या पडल्या मला सगळं ऐकू यायचं. "बापा, आज पाणी लवकर गेलं, नगरपालिकेला जरा बुद्धी दे. मावशीचे गुडघे बघ. वरच्या पोराला उठव, त्याची बस चुकेल." मावशी म्हणजे त्यांची बायको. त्यांना तेही आमच्यासारखंच मावशी म्हणत. बसची आठवण झाली की मी उठायचो. रोह्यात असताना सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला अलार्म लावायची गरज पडली नाही.

आई दर महिन्याला त्यांना फोन करून विचारायची, "पोरगं विश्वासात वाढतंय ना?" एकदा मी जिन्यात असताना त्यांचं उत्तर ऐकलं. "बाय, वाचतं का नाय ते मला ठाऊक नाय. पण परवा न सांगता कचऱ्याची बादली खाली नेली. जरा वाढलंय."

हे सगळं गोड. पण काकांना एक खोड होती, आणि ती लहान नव्हती. त्यांच्या कित्येक मागण्या ऐकल्या गेल्या होत्या आणि ते त्यांना फार ठाऊक होतं. वरंधच्या घाटात ब्रेक गेला तेव्हा हाक मारली आणि गाडी एका आंब्याला टेकून थांबली. पोराला मरणाचा ताप आला होता, रात्रभर गुडघ्यावर बसले, सकाळी पोरानं भाकरी मागितली. तो पोरगा आता नाशिकला होता, धडधाकट. या गोष्टी ते पुन्हा पुन्हा सांगत आणि शेवटी एकच वाक्य असे : "मागायला पण दम लागतो." ज्याचं मागणं ऐकलं गेलं नाही त्याच्यात तो दम नव्हता, हे ते बोलत नसत, पण ऐकणाऱ्याला ऐकू यायचं.

एकदा मात्र ते बोलले. पेणहून एक जोडपं दर रविवारी बसनं यायचं. ती दवाखान्यात नर्स होती, आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणायचो. नवरा गोड गळ्याचा, पेटी वाजवायचा. तो आजारी पडला, काविळीचं निमित्त झालं आणि महिन्याभरात गेला. नंतरच्या एका रविवारी सिस्टर एकटी आली. तिचं सांत्वन करताना काका सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रार्थना आपण केली. पण कुठंतरी विश्वास कमी पडला."

सिस्टरनं पर्स उचलली. दाराशी जाऊन चपला घातल्या. एकदाही मागं न बघता ती बाहेर पडली आणि पुन्हा आली नाही.

त्या दिवशी मावशी जेवायला वाढताना काकांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. एरवीही त्या कमी बोलत. बालवाडीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मोठ्या माणसांशीही त्या लहान मुलांसारखं, एकेक सोपं वाक्य निवडून बोलायच्या. भात वाढून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "तिच्या विश्वासाचं माप तुमच्याकडं कुणी दिलं?" काकांनी ताटावरून मान वर केली नाही. पण चुकलो असंही म्हणाले नाहीत.

मग मावशींच्या पोटात गाठ निघाली.

मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. काका घाबरले असतील, पण दिसू दिलं नाही. उपासनेत उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "माझी बायको मरणार नाय. मी मागितलंय. बघाच तुम्ही." मंडळी आमेन म्हणाली. मावशी कोपऱ्यात उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला, शाळेत मुलं करतात तसा. "असं बोलू नका हो," त्या म्हणाल्या. "देवाला असं कोपऱ्यात गाठू नये."

सगळे हसले. काकाही हसले. मावशी हसल्या नव्हत्या.

थंडीच्या दिवसांत, शेतांतून वालाच्या शेंगा निघायला लागल्या त्या सुमारास मावशी गेल्या. त्यांची इच्छा होती म्हणून त्यांना नगरकडे, माहेरच्या गावी नेऊन मूठमाती दिली. काका चार दिवसांनी परत आले. येताना एसटीनंच आले, खिडकीशी बसून. मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो होतो. म्हणाले, "डायव्हर चांगला होता." 

त्यानंतरच्या रविवारी आम्हाला वाटलं, आज उपासना होणार नाही. तरी आम्ही आठ-दहा जण गेलो. दार उघडं होतं. सतरंज्या घातलेल्या, पाण्याचा तांब्या भरलेला. नऊ वाजले. काका सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसले होते. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"माझ्याकडं बघू नका," ते म्हणाले. "आज मी प्रार्थना करणार नाय. उद्या पण नाय. माझं त्याच्याशी बोलणं बंद हाय. तुम्ही गाणी म्हणा, वाचा. मी ऐकतो."

खोलीत कुणाला काय करावं कळेना. शेवटी त्या मल्याळी सुपरवायझरांनी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत एक स्तोत्र वाचलं. त्या दिवशी ते वेळेवर आले होते.

असा तो अबोला सुरू झाला. होळी गेली, पाऊस येऊन गेला. काका दर रविवारी सतरंज्या घालत, तांब्या भरत आणि मागं जाऊन बसत. आजारी माणसाच्या घरी जात, डबा पोचवत, दवाखान्यात रांगेत उभे राहत, फक्त तिथं "प्रार्थना करूया" म्हणत नसत. सकाळी पवित्र शास्त्र उघडत, वाचत, आणि न बोलता मिटत. दाढी करताना नुसता वस्तऱ्याचा आवाज. मी बाजारात जाऊन अलार्मचं घड्याळ आणलं, कारण मोबाइलच्या आवाजानं मला जाग येईना. खरं म्हणजे मला काकांच्या आवाजाची सवय झाली होती आणि त्याच्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नव्हती.

गोष्ट पनवेलला पोचली. पाळकसाहेब आले. साधा, भला माणूस. चहा घेताना हळूच म्हणाले, "काका, तुमचं दुःख मोठं आहे. पण असं सगळ्यांसमोर बोलणं बंद म्हणू नये. लोकांचा विश्वास डळमळतो."

"साहेब, खोटं बोललो तर डळमळणार नाय का?" काका म्हणाले. "आत राग असताना वरून स्तुती करू?"

"मग निदान काही दिवस येऊ नका उपासनेला. विश्रांती घ्या."

काका एकदम ताठ बसले. "का येऊ नको? नवरा-बायकोत भांडण झालं तर बोलणं बंद होतं. पण घरी तर यायचं ना? जेवायचं तर एका ताटात ना? मी रुसलोय साहेब. घर सोडलेलं नाय."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. जाताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रुसा. मी बोलतो तुमच्या वतीनं."

शेजारी हमीदाआपांचं घर होतं. नदीपलीकडच्या अष्टमी गावचं जुनं घराणं, नवरा वर्षानुवर्षं कुवेतला. मावशींची आणि त्यांची घट्ट मैत्री होती. आपांच्या अंगणात झाकून ठेवलेली एक गाडी होती. नवरा सुट्टीत आला की चालवायचा, एरवी ती नुसती उभी. बॅटरी उतरू नये म्हणून काका दर आठवड्याला जाऊन ती सुरू करत, अंगणातल्या अंगणात पुढंमागं करत आणि पुन्हा झाकून ठेवत. आपांची मुलगी सना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

दिवाळीच्या आधीचा तो उकाड्याचा दिवस होता. मी सकाळची शिफ्ट करून येत होतो, तर आपांच्या दारात गडबड. सनाचं डोकं भयंकर दुखत होतं, हातपाय सुजलेले, डोळ्यांपुढं अंधारी. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, इथं थांबू नका, पेणला डॉक्टरीणबाईंना मी फोन करतो, तडक निघा. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन अलिबागला गेलेली. आपा पायरीवर बसून नुसत्या "या अल्ला, या अल्ला" करत होत्या.

काकांनी गाडीवरचं कापड ओढून काढलं. "बस गो आपा. तू पुढं बस रे," असं मला म्हणून त्यांनी चावी फिरवली.

काकांच्या चालवण्याबद्दल एक सांगायला हवं. ते गाडी सावकाश चालवत आणि हॉर्न कधी वाजवत नसत. "हॉर्न म्हणजे शिवी," असं त्यांचं मत होतं. त्या दिवशीही रोह्याबाहेरच्या खिंडीतून नागोठण्यापर्यंत ते तसेच शांतपणे, पण वेगात आले. हायवेला लागलो आणि वडखळ जवळ आलं तशी गाडी थांबली. पुढं रस्त्याचं काम, डोलवीकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग, सगळं ठप्प. पाठीमागं सना आईच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. मी उतरून पुढं बघून आलो. ट्रेलरच्या पलीकडे ट्रेलर.

"भाव," आपा पाठीमागून म्हणाल्या. "तुमी दुवा करा."

काका आरशात बघत म्हणाले, "आपा, तुला ठाऊक हाय. माझं बंद हाय."

"तुमचं बंद हाय ते तुमच्यासाठी. माझ्या पोरीसाठी खोला. मना काय सुचत नाय. माझ्या तोंडातून शब्द येत नाय. तुमाला येतंय ना बोलायला? मग बोला."

काकांचे हात स्टिअरिंगवर होते. डोळे समोरच्या ट्रेलरच्या मागच्या पत्र्यावर.  मला वाटलं, ते नाहीच म्हणणार. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि तो आवाज दाढी करतानाचा नव्हता. गंजलेलं दार उघडताना येतो तसा होता.

"बापा, तुझं माझं बोलणं बंद हाय. मी माझ्यासाठी आलेलो नाय. ही हमीदा मागतेय. तिच्याकडं बघ. तिच्या पोरीला राख, पोटातल्याला राख. तू राखशीलच असं मी म्हणत नाय. तसं मी मागं म्हणालो होतो, आणि काय झालं ते तुला ठाऊक, मला ठाऊक. ते आपलं आपण नंतर बघू. आता हिचं ऐक. आणि हा ट्रेलर जरा बाजूला घे. आमेन."

"आमीन," आपा म्हणाल्या.

ट्रेलर काही हलला नाही. काकांनी दोन क्षण वाट बघितली. मग हॉर्नवर तळवा ठेवला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरवली. डाव्या अंगानं, खड्ड्यांतून, माणसं शिव्या देत असताना, ते पुढं सरकत गेले. मी खिडकीतून अर्धा बाहेर निघून "पेशंट हाय, पेशंट हाय" ओरडत होतो. वडखळपासून पेणपर्यंत त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं. मुलगी, ओंजळीएवढी. पण रडली. सनाचं बीपी उतरायला वेळ लागला, पण संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आता काळजी नाही. आपांनी तिथंच फरशीवर डोकं टेकलं.

काका दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मी चहा आणून दिला. त्यांनी तो हातात धरला, प्यायले नाहीत.

"मला आनंद झाला रे," ते म्हणाले. "खराच झाला. पण दुसरं पण झालं. मी जळलो. म्हटलं, हिचं ऐकलंस. माझं का नाय? ती काय कमी होती माझी बायको?"

 

"आणि तेवढ्यात मला सिस्टर आठवली," ते म्हणाले. "तिला पण असंच झालं असणार. नवरा गेला तेव्हा. आणि मी तिला काय म्हणालो? विश्वास कमी पडला म्हणालो. मला तसं कुणी म्हणालं नाय. एक माणूस म्हणाला नाय. लोक डबे घेऊन आले." त्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला. "ती पेणमध्येच राहते ना अजून? चल."

सिस्टरचं घर गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत होतं. गणपती होऊन गेलेले, त्यामुळे कारखाने शांत होते. दारादारांत रिकामे साचे उपडे घालून ठेवलेले. पायरीवर पोह्याचे पापड वाळत होते, ते सांभाळून ओलांडत काकांनी कडी वाजवली.

सिस्टरनं दार उघडलं. ड्युटीवरून आलेली असावी, केस मोकळे, चेहरा दमलेला. काकांना बघून तिचा चेहरा बंद झाला. पण तिनं दार बंद केलं नाही.

"सलाम," काका म्हणाले. ते आमच्याकडच्या जुन्या लोकांचं अभिवादन.

"सलाम. या."

काका आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "तुझा नवरा गेला तेव्हा मी जे बोललो ते चुकीचं होतं. तुझा विश्वास कमी नव्हता. मला अक्कल कमी होती. मला माफ कर."

सिस्टर दाराची चौकट धरून उभी होती. ती म्हणाली, "काका, माफ केलं असं पटकन म्हणता येत नाही मला. मी रात्रपाळीत पेशंटच्या उशाशी बसून हाच विचार केलाय. मी कमी पडले का? मी आणखी एक उपास केला असता तर? किती रात्री."

"नको म्हणूस पटकन," काका म्हणाले. "मी थांबतो."

"आत तरी बसा."

आत बसल्यावर ती चहा ठेवायला गेली आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मावशींचं ऐकलं मी. यायचं होतं. पाय निघाला नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्या यायच्या ना माझ्याकडे. शेवटी शेवटी चालवेना तेव्हा फोन करायच्या. फोन थांबले तेव्हा मीच चौकशी केली."

 "मावशी? इथं? कधी?"

"दर महिन्याला. पापड आणायला पेणला जाते असं तुम्हाला सांगून." सिस्टर चहा घेऊन बाहेर आली. पहिल्यांदाच तिच्या ओठांवर थोडं हसू होतं. "मी एकदा त्यांना विचारलं, काकांना कळेल का कधी? तर म्हणाल्या, कळेल. वेळ लागेल. ते हळू चालवतात."

 मला वाटलं काका रडतील, आणि ते रडलेच, पण हसत हसत. "म्हणून," ते डोळे पुसत म्हणाले, "म्हणून आमच्या घरात एवढे पापड! अजून दोन डबे भरलेत गो!"

मग सिस्टरही रडली. मी उठून पायरीवर जाऊन बसलो.

सिस्टर त्या रविवारी आली नाही. पुढच्याही नाही. पण काका उपासना झाली की जेवून रोह्याच्या स्टँडवर जात आणि पेणची बस धरत. तिच्या ओट्यावर तासभर बसून परत येत. काय बोलता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काय नाय. तिचा नवरा कुठलं गाणं कसं म्हणायचा ते ती सांगते. मी ऐकतो." कधी ती ड्युटीवर असे, तेव्हा पायरीवर थोडा वेळ बसून परत येत. नाताळच्या आधीच्या रविवारी नऊला पाच मिनिटं असताना सिस्टर दारात उभी राहिली. काकांनी पेटीवरची धूळ फडक्यानं पुसली आणि पेटी तिच्यासमोर सरकवली. तिला वाजवता येत नव्हती. तिनं नुसती मांडीवर घेतली.

सकाळचं बोलणं? तेही सुरू झालं. पेणहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मला अलार्मच्या आधी जाग आली. खालून वस्तऱ्याचा आवाज आणि मधूनमधून काका. पूर्वीसारखी यादी नव्हती. एक वाक्य बोलत, मग मोठा थांबा, मग दुसरं. एकदा तर बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "बरं. तसं तर तसं." कशाबद्दल ते मला कळलं नाही. घाटातल्या आंब्याची गोष्ट ते पुढंही सांगत, पण दम लागतो हे वाक्य गळालं होतं. कुणी शेवटी विचारलंच, मग पुढं काय, तर म्हणत, "पुढं काय? आंबा होता म्हणून वाचलो. सगळ्यांच्या रस्त्यात आंबा नसतो."

मी नंतर बदली घेऊन गावाकडे आलो. लग्न झालं, मुलं झाली. गेल्या वर्षी कामासाठी पनवेलला गेलो होतो, तेव्हा रविवार गाठून रोह्याला उतरलो. काका थकले होते. गुडघे गेले, ऐकू कमी येतं. उपासना आता सिस्टर चालवते. काका दाराजवळ खुर्चीवर बसतात.

त्या दिवशी साक्षीच्या, म्हणजे आपापला अनुभव सांगायच्या वेळी एक तरुण उभा राहिला. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागलेला, विदर्भातला मुलगा. नवाच यायला लागला होता. त्याची आई तिकडे गावी दवाखान्यात होती, अत्यवस्थ. तो कापऱ्या आवाजात, पण फार जोरात म्हणाला, "माझा पूर्ण विश्वास आहे. माझी आई बरी होणारच. मी शंकासुद्धा येऊ देत नाही."

दोघा-चौघांनी आमेन म्हटलं. सिस्टरनं काकांकडे बघितलं. काका खुर्चीचे हात धरून उठले. कुणी मदतीला गेलं तर हातानंच नको म्हणाले. भिंतीला धरत ते त्या मुलापर्यंत गेले आणि कष्टानं त्याच्याशेजारी सतरंजीवर बसले. त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"आपण मागू तिच्यासाठी," ते म्हणाले. "सगळे मिळून मागू. बरी झाली तर तू पेढे घेऊन ये. आणि नाय झाली, तरी ये. तोंड लपवू नको. तुझं काय चुकलं असं कुणी म्हणालं, तर मला सांग."

 मुलाचा तो जोर सुटला आणि तो लहान मुलासारखा त्यांच्या खांद्यावर कोसळला. काकांनी त्याला थोपटलं नाही. नुसते बसून राहिले. प्रार्थना सिस्टरनं केली.

काही दिवसांनी सिस्टरचा फोन आला. मुलाची आई गेली होती. गावी जाऊन, सगळं उरकून तो परत आला आणि रविवारी नऊला हजर झाला. कुणाशी बोलला नाही, गाण्यात तोंड उघडलं नाही. काका खुर्ची सोडून त्याच्या शेजारी खाली बसले. उपासना झाल्यावर सगळ्यांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. सिस्टर म्हणाली, पहिल्यांदा त्यानं नुसता घास चिवडला. मग हळूहळू खाल्लं. आणि मग ताट पुढं करून म्हणाला, "ताई, अजून थोडा भात वाढा."